सांधेमावशीचा चर

माझ्या मावशीला आमच्या घरात सगळे सांधेमावशी म्हणत. परक्या माणसाला वाटायचं, ही हाडं बसवून देते. एकदा शेजारच्या बाई गुडघा धरून आईकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला जरा दाखवायचा होता." मावशी तेव्हा आमच्याकडेच चहा पीत बसली होती. तिने तो गुडघा अगदी डॉक्टरी चेहऱ्याने पाहिला आणि म्हणाली, "भरून देते की. पण माझ्याकडे औषध एकच, सिमेंट. एकदा भरला की दुखणार नाही, आणि वाकणारही नाही." बाईंनी गुडघा तसाच परत नेला.

मावशी सांडपाण्याच्या पाइपांचे सांधे भरायची. आपण मोरीत बादलीभर पाणी ओततो आणि ते दिसेनासं झालं की विसरतो. ते पाणी रस्त्याखालून ज्या पाइपांतून जातं, ते तेव्हा भाजलेल्या मातीचे असत. चॉकलेटी रंगाचे, आतून-बाहेरून काचेसारखे चकचकीत, एका माणसाला कसेबसे उचलतील एवढ्या वजनाचे आणि लांबीला तान्ह्या मुलाच्या पाळण्याएवढे. एका टोकाला रुंद तोंड, दुसरं टोक साधं. एकाचं साधं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचं आणि राहिलेली फट बुजवायची. आधी डांबरात भिजवलेला तागाचा दोर ठासायचा, मग सिमेंटचा माल भरायचा, तो थापीने उतरता घोटायचा आणि शेवटी पाइपात खांद्यापर्यंत हात घालून आत ओघळलेला माल फडक्याने पुसून घ्यायचा. हे पुसणं फार महत्त्वाचं. माल आत राहिला तर वाळून त्याचा दात होतो, आणि गावाने टाकलेल्या यच्चयावत वस्तू त्या दाताला अडकून बसतात. मावशीचा हात बारीक आणि लांब होता. तो पाइपात शिरला की तिचा गाल पाइपाला टेकायचा आणि ती लांब कुठेतरी बघत बसायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ही पाइपाला मिठी मारून कसला तरी विचार करतेय.

घरातही ही सवय सुटली नव्हती. तिने लावलेलं डब्याचं झाकण दुसऱ्या कुणाला उघडत नसे. आई म्हणायची, "ताई, साखर ठेवलीस की पुरलीस?"

पाइप बसवायचे ते काका, म्हणजे मावशीचे यजमान. रस्त्यात खणलेल्या लांबलचक चरात दोघं उतरायची. काका दोरी ताणून ढाळ बघायचे, नवा पाइप उचलून त्यावर लाकडी दांड्याने टण्णकन वाजवायचे, आवाज खणखणीत आला तर बसवायचे आणि भद्द आला तर परत पाठवायचे. त्यांच्या मागून मावशी सांधा भरत यायची. ते पुढे सरकायचे, ही त्यांच्या मागे सरकायची. अशी ही दोघं निम्म्या शहराखालून गेलेली.

आणि काका घरात बोलत नसत.

अबोल माणसं आपण पाहतोच. ती निदान हूं म्हणतात. काका घरात हूंसुद्धा जपून वापरत. दाराजवळच्या खुर्चीवर ते असे बसत की मीटर बघायला आलेल्या माणसाला कुणीतरी आग्रहाने बसवलंय असं वाटावं. चहा आला की पीत, जेवण आलं की जेवत, पाहुणे उठले की उभे राहत. मावशी म्हणायची, "अहो, बोला ना काहीतरी." काका खूप विचार करत. मग खरोखर अडचणीत सापडलेल्या माणसासारखे तिच्याकडे बघत. आपल्याजवळ बोलायला काही नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे, हे दिसायचं.

पण चरात उतरले की हाच माणूस सुटायचा. मी कॉलेजात असताना एकदा आईने मला मावशीच्या घराची किल्ली पोचवायला कामावर पाठवलं. रस्ता खणून ठेवलेला, मातीचा ढीग, आणि ढिगापलीकडे जमिनीखालून दोन माणसं कचाकचा भांडत होती.

"दोरी बघ, दोरी."

"दोरीच बघतेय. तुझं डोकं मधे येतंय."

"माझं डोकं मधे येतंय म्हणून लेव्हल बरोबर आहे."

"हो, पाणीच भरलंय त्यात. काल तुझी बहीण आली, बरं आहे ना म्हणून विचारलं, तर एक शब्द फुटला तोंडातून?"

"बरं होतं. बरं असल्यावर काय बोलायचं?"

"बरं आहे, असं बोलायचं!"

"मग ती म्हणणार, खरंच बरं आहे ना? मग मी म्हणणार, खरंच. मग ती म्हणणार, नाही, आवाजावरून वाटत नाही. त्यापेक्षा गप्प बरं." आणि टण्णकन पाइप वाजला. "हा बघ, विचारलं की एकदाच सांगतो, आणि खरं सांगतो."

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस."

"विचारलं होतं. तो म्हणाला, सांधे कोण भरणार?"

मावशी हसायला लागली. मी ढिगावरून वाकून पाहिलं आणि माझ्या काकांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. घरी ती त्यांना अहो म्हणायची, खाली अरे म्हणत होती. मी वरून किल्ली टाकली. काका म्हणाले, "काय रे, परीक्षा कधी? अभ्यास होतोय का? का नुसता केसच विंचरतोस?" आयुष्यात त्यांनी माझ्याशी केलेलं हे पहिलं संभाषण.

पुढे कळलं की या दोघांचा सगळा संसार चरातच चालायचा. घर कोणतं घ्यायचं ते चरात ठरलं. भांडणं चरात झाली, समजुती तिथेच पटल्या. मावशीला दिवस गेले होते आणि मूल पोटातच गेलं, तेव्हा ती हॉस्पिटलातून घरी आली आणि दोघं समोरासमोर कित्येक दिवस नुसती बसून राहिली. ती कामावर जायला लागली त्या सकाळी काकांनी दोर ठासता ठासता, मान वर न करता विचारलं, "मुलगी होती का गं?"

"मुलगी होती."

काका हातातला दोर सोडून चराच्या भिंतीला टेकले आणि रडले. मावशीही रडली, पण सांधा भरता भरता. "माल कालवलेला होता ना," ती मला सांगत होती, "तो काय थांबतो का आपल्यासाठी."

मग प्लास्टिकचे पाइप आले.

ते पाइप चांगले होते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट भलतीकडे जायची. मातीच्या पाइपाचं म्हणजे सगळं होतं उत्तम: तेजाब खात नाही, कढत पाण्याला दबत नाही, माणसाच्या दोन-चार पिढ्या गेल्या तरी तो तसाच. पण जमीन जरा हलली की तडकतो, दर दोन हातांवर सांधा, आणि सांधा दिसला की झाडाची मुळं जणू आमंत्रण आल्यासारखी आत शिरतात. नवा पाइप हलका, लांबच लांब, जमीन हलली तर तिच्याबरोबर हलणारा. काकांनी पहिला पाइप उचलला आणि बघतच राहिले. "अगं, एका हाताने!" ते ओरडले. त्यांची कंबर तोवर जवळजवळ कामातून गेली होती. प्लास्टिकवर त्यांचा जीव त्याच क्षणी जडला.

मावशीने मात्र पाइपाचं टोक पाहिलं. त्यात एक रबरी कडं होतं. दुसरा पाइप त्यात ढकलला की झालं. दोर नाही, माल नाही, थापी नाही. आणि असं टोक यायचं ते कुठे लांब, एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा मावेल एवढ्या अंतरावर.

"माझं काम हे कडं करणार तर," ती म्हणाली.

"आणि पगारही मागत नाही," मुकादम म्हणाला. तो जाडा, प्रेमळ आणि कोणत्या वेळी काय बोलू नये हे नेमकं हेरून तेच बोलणारा माणूस होता.

मावशीला पगाराची काळजी नव्हती. चरातून बाहेर पडलो की नवऱ्याशी बोलणं संपलं, एवढं तिला त्या कड्याकडे बघता बघता कळलं. काकांनाही कळलं असावं. कारण ते चरातूनच मुकादमाशी भांडले. वर येऊन त्यांना भांडता आलं नसतं. "ही नसेल तर मीही नाही. बाजूची माती कोणीतरी भरायला लागणारच ना? ही भरेल." मुकादम म्हणाला, "बरं बाबा, तुझी जोडी मोडून मला कुठे पाप घ्यायचंय."

बाजूची माती भरायची म्हणजे काय, ते समजवायला एक तरुण इंजिनियर बाई स्वतः चरात उतरल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. बोलणं नेमकं, आवाज गोड. त्या म्हणाल्या, "मातीचा पाइप ताठ असतो. वरून येणारा भार तो स्वतःच्या अंगावर घेतो. हा पाइप तसा नाही. याच्यावर भार आला की हा किंचित दबतो, बाजूंना फुगतो आणि शेजारच्या मातीला टेकतो. ती माती घट्ट असेल तर ती याला धरते. सैल असेल तर हा चपटा होत जातो. म्हणून दोन्ही बाजूंना थराथराने माती टाकायची आणि प्रत्येक थर धुम्मसाने, त्या दांड्याच्या जड ठोकळ्याने, चांगला ठोकायचा. अगदी पाइपाला लागून."

"म्हणजे हा घरजावई," मुकादम म्हणाला. "सासरच्यांनी दोन्हीकडून धरलं तरच उभा राहतो."

मॅडमही हसल्या. मावशीने मान डोलावली. तिला सगळं समजलं होतं. पण समजलं डोक्याला, आणि धुम्मस हातात होता. त्या हातांनी सारा जन्म एकच शिस्त पाळली होती: ओल्या सांध्याशेजारी धुम्मस न्यायचा नाही. मातीच्या पाइपाभोवती चाळलेली भुसभुशीत माती हाताने, ओंजळीने सारायची, आणि पाइप पुरता झाकला गेल्यावरच वरून ठोकायचं. मधेच कुणी दणका दिला की सांधा उठला. नव्या बिगारी बायकांना मावशीने याच्यावरून इतक्या शिव्या दिल्या होत्या की त्या धुम्मस बघूनच दचकत.

मॅडम समोर होत्या तोवर मावशीने ठोकलं. मॅडम पुढच्या चराकडे गेल्या आणि मावशीचे हात आपोआप हळू झाले. ती धुम्मस उचलायची तो जोरात, पण टेकवायची अलगद, निजलेल्या मुलाच्या पाठीवर थोपटावं तशी. बरोबरच्या दोघी जरा जोरात ठोकायला लागल्या तर ती म्हणायची, "हळू गं, सांधा उठेल." तिथे सांधा नव्हताच. तो लांब मागे राहिला होता. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही, काकांच्याही नाही. ते तर खुशीत होते. त्या दिवसांत त्यांना बोलायला जास्तच फुरसत होती. कंबर दुखत नव्हती आणि बायको हाताच्या अंतरावर होती. मावशी म्हणायची, आमचे सगळ्यात चांगले दिवस ते. लग्नानंतरचेसुद्धा नव्हते तितके चांगले.

चर बुजला, रस्ता झाला, वरून ट्रक जायला लागले. मग तपासणीचा दिवस आला. दोन चेंबरांची झाकणं उघडली. एका चेंबरात आरशाने ऊन सोडायचं आणि दुसऱ्या चेंबरात दुसरा आरसा धरून बघायचं. पाइप नीट असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो. मावशीला हा खेळ फार आवडायचा. इतक्या वर्षांत तिच्या प्रत्येक ओळीत पौर्णिमा दिसली होती. म्हणून ती सगळ्यांच्या आधी वाकली.

उजेड आडवा होता. वरून कुणीतरी बोटाने दाबल्यासारखा.

ती बाजूला झाली. नंतर मॅडमनी मापाचा लाकडी गोळा दोरीला बांधून पाइपातून ओढायला लावला, आणि तो मधेच अडकला. पुढेही नाही, मागेही नाही. मुकादमाचा चेहरा उतरला. सगळी ओळ पुन्हा खणायची होती.

"बाजू कोणी भरली?" मॅडमनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

काका चेंबरात उभे होते, छातीपर्यंत जमिनीत. तिथून ते म्हणाले, "मी."

"खोटं बोलतो तो," मावशी वरून म्हणाली. "त्याला ढाळ बघण्यापलीकडे काही येत नाही. मी भरली."

"तू गप्प बस गं."

"का गप्प बसू? आणि तुला कंबर वाकवता येते का बाजू भरायला? मॅडम, विचारा त्याला, धुम्मस कुठे ठेवलाय ते तरी ठाऊक आहे का."

"शेडमधे," काका म्हणाले.

"बघा! तुटलाय तो शेडमधला. नवा माझ्याकडे आहे."

मुकादमाला अशा वेळीही हसू आलं. मॅडमना नाही आलं. त्यांनी मावशीला बाजूला नेलं, हात धरून बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना, जोरात ठोकायचं?" मावशी म्हणाली, "सांगितलं होतं. ठोकवलं नाही." मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांच्यावरही कोणीतरी होतं. मावशीला त्यांनी पाइपांच्या शेडवर राखणीला बसवलं. सावली होती, खुर्ची होती, काम काही नव्हतं. चर तिथून बराच लांब होता, आवाज येत नसे. मावशी थोडे दिवस बसली आणि मग घरी बसली. खुर्चीच हवी तर घरी आहेत, म्हणाली.

काका मात्र कामावर जात राहिले. त्यांच्याइतका ढाळ साधणारा दुसरा नव्हता, आणि आता त्यांना बाजू कशी ठोकून घ्यायची तेही नीट आलं होतं. संध्याकाळी घरी येत, हातपाय धूत, खुर्चीवर बसत. मावशी विचारायची, आज कुठपर्यंत गेली ओळ? काका हाताने दाखवत, एवढी. मुकादम काय म्हणाला? काका खांदे उडवत. तिच्या जागी आता कोण आहे? काका खिडकीबाहेर बघत. तिने डबा घेऊन दुपारी कामावर जाऊन पाहिलं. पण चराच्या काठावर आता पट्टी बांधलेली असे आणि बाहेरच्या माणसाला जवळ जाऊ देत नसत. बाहेरचं माणूस म्हणजे ती. लांब उभी राहून ती जमिनीखालून येणारा नवऱ्याचा आवाज ऐकायची. शब्द कळत नसत. कुणीतरी हसायचं. मग ती डबा पहारेकऱ्याकडे देऊन यायची.

यानंतर तिने जे केलं ते मला तिनेच खूप पुढे सांगितलं.

त्यांच्या घरामागे मोरीपासून गल्लीतल्या चेंबरापर्यंत एक छोटी ओळ होती. मातीच्या पाइपांची, दोघांनी मिळून घातलेली. एके दिवशी काका कामावर गेल्यावर मावशीने पहार घेतली, परसात थोडं उकरलं आणि एक पाइप फोडला. "कसला टणक होता रे. पहिल्या घावाला मलाच ओरडल्यासारखा वाजला. मी म्हटलं, ओरडू नकोस बाबा, तुझ्यावर राग नाही." मग माती लोटून ती आत आली आणि मोरी तुंबायची वाट बघत बसली.

सुट्टीच्या दिवशी दोघांनी परस खणलं. गुडघाभर खोल चर, पण चर तो चरच. काका आत उतरले, दोरी लावली आणि म्हणाले, "तुला सांगायचंच राहिलं. मुकादमाची बायको माहेरी गेलीय." आणि मग थांबलेच नाहीत. नव्या बिगारी बाईला डोळ्यांनी कमी दिसतं. मॅडमचं लग्न ठरलंय. मुकादम उपाशीपोटी जास्त ओरडतो. साठून राहिलेलं सगळं त्यांनी त्या एका दिवसात तिच्यापुढे ओतलं. मावशी सांधा भरत होती, अरे-तुरे करत होती, टोमणे मारत होती. आणि तिने हात पाइपात घातलेला असताना काका म्हणाले, "तू नसलीस की चर ओका वाटतो गं."

"मग घरी का नाही सांगितलंस हे?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं, जणू प्रश्नच कळला नाही. "घरी कुठे चर आहे?"

संध्याकाळी चर बुजला. काका हातपाय धुऊन खुर्चीवर बसले.

मावशीने काही दिवस काढले. मग पुन्हा पहार घेतली.

या वेळी मोरी तुंबली तेव्हा काकांनी फुटका तुकडा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. त्यांच्या मनात बायकोबद्दल शंका येणं शक्यच नव्हतं. पाइप जुना झाला, त्यांना वाटलं. हिला सारखा त्रास, तुंबलेलं पाणी बादलीने उपसत बसते. पुढच्या सुट्टीला मला बोलावलं होतं, जड काही उचलायचं असलं तर हाताशी असावा म्हणून. मी गेलो तेव्हा मावशी परसात तयार होती. एक बाही वर सारलेली, घमेल्यात माल कालवलेला, तागाचा दोर डांबरात बुडवून ठेवलेला. चेहऱ्यावर असं तेज, की मला वाटलं घरात काहीतरी आनंदाची बातमी आहे. "काका कुठे?" मी विचारलं. "आणायला गेलेत पाइप. बरोबर येईन म्हटलं तर नको म्हणून हात केला," ती म्हणाली. "काय लपवतायत कोण जाणे." गुपित राखायला काकांना कष्ट कसले पडणार!

ते हातगाडी ढकलत आले. गाडीवर, पुढे-मागे बाहेर डोकावणारा, प्लास्टिकचा एकच एक लांब पाइप होता. कामावरचा उरलेला. मॅडमना विचारून आणलेला.

काकांनी चर खणला. जुने पाइप एकेक करून काढले, पुसले आणि भिंतीशी ओळीने उभे केले. मग नवा पाइप उचलला, एका हाताने, आणि मोरीपासून चेंबरापर्यंत अलगद ठेवून दिला. बरोबर बसला. ते सारखे बोलत होते. "बघ, आता मूळ शिरायला जागाच नाही. आता जन्मात फुटायचा नाही. मी नसलो तरी तुला काळजी नाही."

"आणि सांधा?" मावशीने विचारलं.

"नाहीच!" काका चरातून हात पसरून म्हणाले. "एकसुद्धा नाही!"

मग त्यांनी बाजूला माती टाकली आणि धुम्मस घेतला. तिने ज्यात चूक केली होती तेच ते तिला दाखवत होते, पण त्यात टोचणी मुळीच नव्हती. नव्या मुलीला शिकवावं तसं प्रेमाने. "असं बघ. अगदी लागून ठोकायचं. घाबरायचं नाही. याला काही होत नाही. ये ना, तू मार एक."

मावशी काठावर उभी होती. तिने धुम्मस घेतला नाही. चरात ती उतरलीच नाही. काका खालून विचारत होते, जमलं ना, आवडलं ना, तू बोलत का नाहीस. माझं लक्ष घमेल्याकडे गेलं. "मावशी, माल वाळतोय," मी म्हटलं.

"वाळू दे," ती म्हणाली. आणि काकांना म्हणाली, "छान झालं." मग चहा टाकायला आत गेली. काका तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. "आवडलेलं दिसतंय," ते मला म्हणाले.

पुढे जेव्हा तिने मला पहारीची गोष्ट सांगितली तेव्हा मी चिडलोच. म्हटलं, "अगं, मग सांगायचं ना त्यांना! एका शब्दाचं काम होतं."

"काय सांगू? माझ्यासाठी आणला होता त्यांनी. इतक्या हौसेने कधी काही आणलं नव्हतं रे. त्यावर मी म्हणू, हा घेऊन जा, मला फुटणारा हवाय?" मग जरा लाजून ती म्हणाली, "एकदा मारून पाहिली पहार. खळगा पडला, आणि माझ्या देखत हळूहळू भरून आला. मग नाही मारली."

काका निवृत्त झाले आणि दिवसभर घरी राहायला लागले. दोघं छान राहत. भांडण नाही, तंटा नाही. मावशी बोलायची, काका ऐकायचे. बोलायला आपल्याजवळ काही नाही याचं त्यांना अजून वाईट वाटायचं, आणि ते दिसायचंही. मोरी पुन्हा कधी तुंबली नाही.

ते गेले तेही त्या खुर्चीवर. दुपारची वेळ होती. मावशी बाजारातून आली, समोर बसून भाजी निवडायला लागली आणि बाजारात काय काय झालं ते सांगत सुटली. कोण भेटलं, कोणाचा मुलगा परदेशी चाललाय, मुकादम किती वाळलाय. मुकादमाची नक्कलही करून दाखवली. भाजी निवडून झाली, ती उठली, चहा करून त्यांच्या हाताशी ठेवला, आणि पुन्हा बसून राहिलेलं सांगून पूर्ण केलं. चहावर साय धरली तेव्हा तिने त्यांना हात लावून पाहिला.

मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मावशी कोपऱ्यात बसली होती, डोळे कोरडे. मी शेजारी बसलो. तिने माझा हात आपल्या त्या बारीक, लांब हातात घेतला.

"जायचे ते गेले रे," ती हळूच म्हणाली. "पण मला कळायला इतका वेळ लागला. मी आपली बोलतच होते."